उपरण्याखालचा हात

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. माझी शाळा सातवीत सुटली, शब्दही साधेच येतात. आजी सांगायची ती गोष्ट एका रात्री भाच्यांना सांगितली, तशीच लिहितो.

एकदा काय झालं, डोंगरापलीकडे गुरांचा बाजार भरला. तेव्हा पैसे कुणाकडे नसायचे. गुरं द्यायची, धान्य घ्यायचं. आणि भाव तोंडानं बोलायचा नाही, बरं का. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबायची. जितकी बोटं, तितक्या पायल्या नाचणी. सौदा होईतो उपरण्याला तिसऱ्यानं हात लावायचा नाही.

सगुणा नावाची बाई कालवड घेऊन आली. घरात दाणा नव्हता. सोबत तिची लहानगी मैना.

मग एक उंच माणूस आला. घोंगडीत तोंड झाकलेलं. त्यानं उपरणं टाकलं.

"सगुणे, गिऱ्हाईक मोठं दिसतंय," शेजारचा राघू दलाल हसला. "आम्हाला विसरू नको."

सगुणानं हात घातला. तो हात विहिरीतल्या दगडासारखा गार. त्यानं पाच बोटं दाबली. सगुणा खूश झाली. मग त्यानं पाचही बोटं दोनदा दाबली, म्हणजे दहा. सगुणा घाबरली. कालवडीला दहा पायल्या कोण देतं, सांगा बरं?

मग तिसऱ्यांदा त्यानं अख्खा पंजा धरला. तिच्या कानाशी वाकला.

"कालवड राहू दे. पोरगी दे. गारठा तुझ्या खांद्याला पोचला की सौदा झाला."

सगुणा हात ओढू लागली. सुटेना. ओरडायला गेली, तोंड उघडेना. गारठा मनगटाला आला. मग कोपराला. मग दंडाला.

मैनानं बघितलं, आईचे ओठ निळे पडलेत. ती पुढं झाली.

"ए पोरी, उपरण्याला हात लावू नको," राघू म्हणाला. "असं कुणी करत नाही."

"माझी आई मरतीय," मैना म्हणाली, आणि तिनं उपरणं ओढलं.

खाली फक्त सगुणाचा हात. दुसरा हातच नव्हता. घोंगडी रिकामी खाली पडली.

मग राघूनं आपले दोन्ही हात पुढं केले, उघडे.

"बाई, तोंडानं सांग. कालवडीचं काय घेशील?"

"सहा पायल्या," सगुणा म्हणाली.

त्यानं सहा मोजून दिल्या. मायलेकी पोटभर जेवल्या, सुखानं राहिल्या. त्या बाजारात पुन्हा कुणी उपरणं टाकलं नाही. आता पाय आत घ्या आणि झोपा.

पोरं झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या कोंबड्यांची अंडी घेऊन दुकानात गेलो. एरवी देतील ते घेऊन खाली मान घालून परत येतो. त्या दिवशी भाव आधी मी सांगितला.