बिनव्याजी पेढी

एका बाजारगावात दस्तगीर नावाचा एक पिंजारी होता. गाद्यांचा कापूस पिंजून तो घर चालवायचा. गावात बँक होती, पण तिथे व्याज होतं आणि व्याज हराम. म्हणून दस्तगीर बँकेची पायरी चढत नसे.

त्याच गावात लाकडाचे मोठे व्यापारी हाजी कुतुबुद्दीन यांनी बिनव्याजी पेढी काढली. ठेवीवर व्याज नाही, कर्जावरही नाही. उद्घाटनाला हाजीसाहेब इतकं सुंदर बोलले की मोठमोठ्या दुकानदारांनी माना डोलावल्या. मानाच डोलावल्या, खिशात हात कुणी घातला नाही. ठेवी आल्या त्या हातगाडीवाल्यांच्या आणि शिलाई करणाऱ्या बायांच्या. दस्तगीर दर जुम्म्याला शंभर रुपये भरायचा, आणि आपला पैसा पाक जागी आहे म्हणून त्याला बरं वाटायचं.

पाच वर्षांनी ऐन लग्नसराईत त्याचं पिंजायचं मशीन जळालं. नवं साठ हजारांचं. त्याची ठेव सव्वीस हजार. उरलेल्या पैशांसाठी कर्ज मागायला तो पेढीवर गेला. मुनिमाने ठेव परत दिली आणि कर्जाला हात जोडले. मोठ्यांपैकी कुणी छदामही ठेवला नव्हता, मग पेढी देणार कुठून?

मशीन नाही तर दुकान नाही. आठ दिवस दस्तगीर मनाशी भांडला. शेवटी तौबा तौबा करत तो बँकेत गेला.

मॅनेजरच्या केबिनमध्ये हाजीसाहेब चहा पीत बसले होते. ते आपली पाच लाखांची मुदतठेव वाढवायला आले होते. मॅनेजर दस्तगीरला म्हणाले, कर्ज देतो, फक्त एक जामीन आणा. दस्तगीरने मोठ्या आशेने हाजीसाहेबांकडे पाहिलं. भाबडाच तो.

हाजीसाहेबांनी कप खाली ठेवला. "व्याजाच्या कागदावर सही करू? साक्ष देणाराही तेवढाच गुन्हेगार असतो, दस्तगीर. मला अल्लाहला तोंड दाखवायचंय."

"आणि तुमची ही ठेव, हाजीसाहेब?"

"तो माझा आणि अल्लाहचा मामला आहे."

मॅनेजर कागद चाळत राहिले. दस्तगीर उठून बाहेर आला. दुसरा जामीन मिळाला नाही आणि त्याच महिन्यात त्याचं दुकान बंद झालं. आता तो तालुक्याला दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीने गाद्या भरतो.

तात्पर्य: धर्माचा नियम आधी स्वतःच्या तिजोरीला लावावा. जो हा नियम फक्त दुसऱ्याच्या गरजेला लावतो, त्याच्या भक्तीची किंमत गरीब माणूस मोजतो.