शिपायाची मोटरसायकल

चूक सगळी तात्यासाहेब ढमढेऱ्यांचीच. आमच्या शाळेचे हे संस्थाचालक. उपदेश केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. तपासणीला अधिकारी आले, तर त्यांच्यासमोर मला, कॉलेज सोडलेल्या शिपायाला, मुद्दाम उभं केलं.

"बघा साहेब, या गोरखला मोटरसायकल हवीय! सांग रे, तुझ्या पगारात हप्ता परवडेल का?"

"कोणता पगार धरू, तात्यासाहेब? दरमहा अठरा हजारांवर सही करतो, त्यात आरामात परवडेल. तुम्ही हातावर नऊ ठेवता, त्यात नाही."

"पोरगं गमतीचं आहे," तात्यासाहेब हसले. एकटेच.

अधिकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पगारपत्रक मागवलं आणि बाकीच्या शिपायांनाही बोलावलं.

अकरा शिपायांचा तीन वर्षांचा दाबलेला पगार तात्यासाहेबांना द्यावा लागला.