वाढली म्हणावं

एकदा एक शिष्य चार कोरी पाने घेऊन आपल्या वृद्ध आचार्यांपुढे येऊन बसला. शब्दांचा त्याला तोटा नव्हता. आश्रमात तो धाकट्यांना व्याकरण शिकवी आणि कोणत्याही शब्दाची व्युत्पत्ती विचारा, उत्तर तयार असे. पण ही चार पाने काही भरत नव्हती.

त्याचे वडील केरबा कासार. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावोगाव फिरायचे, बाजाराच्या दिवशी पाराच्या कडेला बसायचे, लेकीसुनांना चुडा भरायचा आणि संध्याकाळी घरी परतायचे, असा त्यांचा जन्म गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा फिरणे थांबले. त्यालाही बरीच वर्षे लोटली आणि गेल्या वर्षी ते वारले. आता वर्षश्राद्ध जवळ आले होते. आईचा निरोप होता, "एवढा शिकलास, तर तुझ्या वडिलांबद्दल चार शब्द बोल. लोक विसरत चाललेत त्यांना."

"बोलू कशाबद्दल, आचार्य?" शिष्य म्हणाला. "सुताराने केलेले दार राहते. तांबटाचा हंडा नातवंडे वापरतात. माझ्या वडिलांनी भरलेली एकही बांगडी आज कुठे शाबूत नसेल. लोकांचे सोडा, मी इतकी वर्षे इथे राहिलो की मलाच आता त्यांचा आवाज आठवेनासा झाला आहे." हे शेवटचे त्याने मान खाली घालून सांगितले. खरे दुखणे तेच होते.

आचार्यांनी ती कोरी पाने उचलून बाजूला ठेवली.

"वडिलांच्या माळा घरात आहेत ना?"

"आहेत. आईने फडक्यात बांधून ठेवल्या आहेत."

"मग त्या घे आणि उद्याच्या बाजारात वडील बसत तिथे बस. येईल तिला बांगड्या भर. वडिलांचे नाव मात्र काढायचे नाही."

शिष्याला नवल वाटले. भाषण मागायला यावे आणि दुकान मांडायला लावावे, हा कुठला न्याय? पण आचार्यांशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोके आपटून घ्यायचे, हे त्याला ठाऊक होते. तो निमूटपणे निघाला.

दुसऱ्या दिवशी बाजारात पाराच्या कडेला त्याने माळा मांडल्या. हे काम लहानपणी त्याने वडिलांच्या शेजारी बसून केले होते, पण हाताला आता सवय नव्हती. पहिलीच आली ती एक नवी नवरी. बिचारी भेदरलेली, मूठ अशी आवळलेली की जणू कोणी हात कापूनच नेणार आहे. शिष्याने जरा जोर लावला आणि काच कडकन गेली.

"फुटली!" तो बोलून गेला.

नवरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. नवरीसोबत आलेली म्हातारी सुईण हौसाबाई मात्र कडाडली, "अरं, कासार हाईस का कोण? नव्या नवरीला फुटली म्हणत्यात व्हय? वाढली म्हणावं!"

व्याकरणाचा पंडित काचेचे तुकडे वेचू लागला. एवढ्यात शेजारच्या एका तरुण बाईने नवरीच्या कोपरावरून हात फिरवला आणि हलकेच म्हणाली, "मूठ सोड गं बाई, माहेरी आलीस."

नवरीला हसू फुटले. हात सैलावला. बांगड्या सरसर मनगटावर उतरल्या.

शिष्याचा हात मात्र थांबला होता. ते वाक्य त्याच्या वडिलांचे होते. तोच हेल, 'बाई'वरचे तेच लांबवणे. हरवलेला आवाज भरबाजारात त्याच्या कानाशी बोलला होता.

"हे तुम्ही कोणाकडून शिकलात?" त्याने कसेबसे विचारले.

"कोणाकडून म्हंजे? आमच्यात म्हणत्यातच असं," ती बाई म्हणाली.

"कुणाचं का असंना," हौसाबाई म्हणाली, "बाळंतीण कळांनी घाबरली की मी बी ह्येच म्हणती. पोरगी मूठ सोडती, तिला धीर येतो, अन् मग लेकरू सुखानं येतं."

नवरीने रीतीप्रमाणे कासाराला वाकून नमस्कार केला. तो आपल्याला नव्हे, वडिलांना होता, हे शिष्याला पुरते उमगले.

आश्रमात परतून त्याने सारे सांगितले. आनंद झाला होता, पण तक्रारही होतीच. "वाक्य सगळ्यांना येते, आचार्य, पण ते कोणाचे, हे एकीलाही माहीत नाही!"

आचार्य म्हणाले, "जगाला व्याकरण शिकवतोस आणि घरचाच शब्द विसरलास? कासार 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. लोक म्हणतात, अशुभ टाळण्याची ती युक्ती आहे. असेलही. पण तुझ्या वडिलांच्या बाबतीत तो शब्द खरा ठरला. सुताराचे दार बसवले तिथेच राहते. तुझ्या वडिलांनी दिलेला धीर एकीकडून दुसरीकडे जात राहिला, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचला. वाटेत त्यांचे नाव तेवढे गळाले. तू त्या नावाचे तुकडे वेचत बसलास, म्हणून तुला सगळे फुटलेले दिसले."

वर्षश्राद्धाला अंगण भरले. शिष्याने पाने नेलीच नव्हती. तो एवढेच म्हणाला, "मूठ सोड गं बाई, माहेरी आलीस, असं तुम्ही सगळ्या म्हणता. ते माझ्या वडिलांचं वाक्य." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "अगं बया, केरबादादाचं व्हय!" कोणीतरी पदराने डोळे टिपले.

मग तो दोन हिरव्या बांगड्या घेऊन आईसमोर बसला. वर्षभर तिचे हात मोकळे होते. तिने घाईने मूठ आवळून पदराखाली घेतली.

"अरे, मला कशाला आता? लोक काय म्हणतील?"

शिष्याने तोंड उघडले, पण वाक्य काही बाहेर पडेना.

ते मागून आले. अंगणातल्या बायकांनी एकदमच म्हटले, "मूठ सोड गं बाई, माहेरी आलीस."

आईने हात पुढे केला. घाईघाईने त्याने पहिली बांगडी चढवली, तशी ती कडकन गेली. त्याने घाबरून वर पाहिले.

आई डोळे पुसत हसत होती. "वाढली रे," ती म्हणाली, आणि तिने हात पुन्हा पुढे केला.