ऊर्जस्वलेची द्राक्षवल्ली

त्रेतायुगाच्या आरंभी, गोदावरीच्या दक्षिण तीरावर मैत्रवाह नामक तपोनिधींचा आश्रम होता. मृगशावकांनी निःशंक विहार करावा, होमधूमाने पल्लव धूसर व्हावेत आणि सामगानाने पहाट उजाडावी, असे ते रम्य स्थान. आश्रमाचे व्रत मात्र कडक. वाढत्या वनस्पतीला पाते लावायचे नाही. गळेल ते फूल वेचावे, पडेल ते फळ खावे. दर्भ तेवढा विळ्याने खुशाल कापीत. ते का चालते, हे कोणी विचारीत नसे.

मैत्रवाहांची पत्नी ऊर्जस्वला. मोठी मानी बाई! एका अतिथी गंधर्वाने तिला हिमालयापलीकडच्या द्राक्षवल्लीची काडी दिली आणि तिच्या फळांपासून आसव करण्याची रीत सांगितली. पर्णकुटीमागच्या एवढ्याशा अंगणात तिने ती रुजवली, वेळूचा मांडव घातला, पोटच्या पोरीसारखी वाढवली. वेल अशी फोफावली की मांडव वाकला; पण फळ म्हणाल तर नावाला नाही. पाणवठ्यावर शेजारच्या ऋषिपत्नी विचारीत, “मांडव झोकात पडला हो, वऱ्हाड कधी यायचं?” ते शब्द तिच्या जिव्हारी लागत.

एके शिशिरात आश्रमातली शेळी दावे तोडून सुटली आणि तिने वेलीच्या काड्या पार बुडख्याशी कुरतडून टाकल्या. ऊर्जस्वला ढसाढसा रडली. पण वसंतात त्याच बोडक्या खुंटांतून कोंब फुटले आणि कोंबाकोंबाला घोस धरले. ती समजायचे ते समजली. पुढल्या शिशिरात तिने दर्भाचा विळा उचलला व स्वहस्ते वेल छाटली. त्या वर्षी मांडवाखालून जायचे तर मान लववावी लागे, असे घोस लोंबले. तिने ते शेजारणींना मुद्दाम बोलावून दाखवले. का दाखवू नयेत?

मग आसव. प्रथम तिने रस आंबावा म्हणून त्यात धायटीची फुले घातली आणि घटाचे तोंड मातीने घट्ट लिंपून टाकले. घट धाडकन फुटला. शेजारी जपास बसलेल्या तपोनिधींची वल्कले जांभळी झाली. ते बिचारे तसेच हिंडले. दुसऱ्या खेपेस तिने लिंपणात काडीएवढे छिद्र ठेवले, घटाला कान लावून आतली गुणगुण ऐकली, ती निवाल्यावरच छिद्र बुजवले आणि घट धान्याच्या राशीत पुरला.

अशात मैत्रवाहांचे गुरू, कोपिष्ट दुर्मर्ष मुनी, आश्रमी आले. छाटलेल्या काड्यांची मोळी दिसताच त्यांचे नेत्र अंगारासारखे झाले. व्रतभंग झाला आहे, वेल समूळ अग्नीत टाका, नाहीतर उभयतांनी आश्रम सोडा, अशी त्यांनी आज्ञा केली. मैत्रवाह मान खाली घालून उभे राहिले. ऊर्जस्वला पुढे झाली.

“गुरुदेव, दर्भ कापताना आपला विळा कोणत्या धर्माने चालतो? मी छाटते ती वेलीने फळावे म्हणून. मी वेल जाळणार नाही आणि आश्रमही सोडणार नाही.”

मुनींना उत्तर सुचेना, आणि उत्तर न सुचलेल्या मुनीइतके भयंकर त्रिभुवनात काही नाही. कमंडलूतले जल हाती घेऊन ते गर्जले, “तर ऐक. ही वल्ली युगानुयुगे घावावाचून फळ धरणार नाही. आणि घाव घालशील तेव्हा ती तुझ्या डोळ्यांदेखत अश्रू ढाळील.”

ऊर्जस्वलेने वेलीकडे एकदा पाहिले. तरी दारी आलेल्याला कोरडे धाडणे तिला ठाऊक नव्हते. तिने राशीतून घट काढला, पात्र भरले आणि मुनींपुढे ठेवले. शिष्टाचार म्हणून त्यांनी ओठ लावला. मग पात्र रिते केले. मग निमूटपणे पुन्हा पुढे केले. क्रोध ओसरला. शाप मी मागे घेतो, वेल आता आपोआप फळेल, असे ते ओशाळून म्हणाले.

“नको, गुरुदेव,” ऊर्जस्वला म्हणाली. “आपोआप फळली तर तीत माझे काय राहिले? तिचे अश्रू मी पाहीन. शाप असू द्या.”

दुर्मर्ष आसनावरून उठले आणि शिष्याच्या पत्नीपुढे त्यांनी हात जोडले. तुझ्या घटातला रस जितका मुरेल तितका सरस होईल, असा वर देऊन ते मार्गस्थ झाले.

तेव्हापासून द्राक्षवेल छाटली की काडीच्या टोकाशी पाणी ठिबकते. दया येऊन जो विळा खाली ठेवतो, त्याच्या हाती पानेच येतात. ऊर्जस्वला मात्र दर शिशिरात पदर खोचून मांडवाखाली उभी राही. वेल रडे, तीही रडे, आणि हात थांबत नसे.