मंगळवारचे वैद्य

एकदा एका तेलाच्या व्यापाऱ्याने नगराबाहेर निराधार वृद्धांसाठी प्रशस्त घर बांधले, आणि ते बांधून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की बांधकाम हाच त्यातला सोपा भाग होता. चाळीस वृद्ध राहायला आले. खोल्या हवेशीर होत्या, अन्न सकस होते, अंगणात दिवसभर सावली असे. तरीही पहिल्याच वर्षी नऊ जण गेले. म्हातारी माणसे, ती जायचीच, असे लोक म्हणाले. व्यापाऱ्याला मात्र ते पटेना. त्याचा हा न पटण्याचा गुण मला फार आवडतो.

वैद्यांची सोय त्याने केली नव्हती असे नाही. नगरातल्या कुणाही वैद्याने बोलावल्यावर यावे आणि दर खेपेला ठरलेले पैसे न्यावेत, अशी व्यवस्था होती. निरोप गेला की ज्याला सवड असेल तो वैद्य येई, नाडी पाही, "काय होतंय आजी? किती दिवस होतंय?" असे विचारी, पुड्या बांधून देई आणि निघून जाई. पुढच्या खेपेला दुसराच कुणी येई आणि पुन्हा पहिल्यापासून तेच विचारी. म्हातारी माणसे सांगून सांगून कंटाळली. पुढेपुढे ती सांगेनाशीच झाली.

शेवटी व्यापारी नदीपलीकडे राहणाऱ्या एका वयोवृद्ध वैद्याकडे गेला. वैद्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एक विचित्र अट घातली.

"मी दर मंगळवारी येईन. त्या येण्याचे पैसे द्या, मग कुणी आजारी असो वा नसो. मंगळवार चुकला तर त्या महिन्याचं काहीच देऊ नका. मधल्या दिवसांत कुणी आजारी पडलं तर निरोप धाडा, मी येईन. त्याचे मात्र पैसे घेणार नाही."

व्यापारी चक्रावला. "म्हणजे कुणाला काही झालं नसताना पैसे, आणि झालं की फुकट? वैद्यबुवा, हे जरा उलटं होत नाही का?"

"उलटंच आहे," वैद्य म्हणाले. "वर्षभर करून पाहा."

व्यापाऱ्याने मान डोलावली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून वैद्यांची फेरी सुरू झाली. सोबत त्यांचा पंचविशीतला शिष्य असे. त्याला तीनशे औषधे तोंडपाठ होती, आणि ती कधी एकदा कुणाला तरी देतो असे त्याला झाले होते. पण गुरूंचा खाक्याच वेगळा. ते प्रत्येकाच्या खाटेशी बसत आणि त्या माणसाकडून काहीतरी काम करून घेत. भिवा सुताराला विहिरीवरून तांब्याभर पाणी आणायला सांगत. एका आजोबांकडून स्वतःचे पागोटे बांधून घेत. ठकूआजी सुपारी कातरण्यात पटाईत होत्या, म्हणून त्यांच्याकडून मूठभर सुपारी कातरून घेत आणि ती चघळत गावगप्पा ऐकत. शिष्याच्या खांद्यावरचा बटवा बहुतेक मंगळवारी न उघडताच परत जाई.

"गुरुजी, अशानं मी शिकलेलं विसरेन," तो एकदा परतीच्या वाटेवर न राहवून म्हणाला.

"विसरशील त्यातलं निम्मं विसरण्यासारखंच आहे," गुरू म्हणाले आणि नावेत बसले.

असे आठ महिने गेले. या काळात घरातली दोनच माणसे दगावली होती, पण व्यापाऱ्याने त्याचे श्रेय त्या वर्षीच्या चांगल्या हवेला देऊन टाकले होते. त्यात बाजारात त्याची टिंगल सुरू झाली. "काय शेटजी, सुपारी खायला वैद्य ठेवलाय म्हणे!" कुणी आपल्याला फसवतो आहे, यापेक्षा आपण फसतो आहोत हे चारचौघांना कळले आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याला जास्त झोंबते. पुढच्याच मंगळवारी तो स्वतः वृद्धांच्या घरी येऊन थडकला. पाहतो तो वैद्य खरोखरच ठकूआजींच्या खाटेशी मांडी घालून बसलेले, आणि आजींच्या हातात अडकित्ता.

"वैद्यबुवा," तो सगळ्यांच्या देखतच म्हणाला, "माझा पैसा फुकटचा नाही. पुढच्या महिन्यापासून जितक्यांना औषध द्याल तितक्यांचे पैसे मिळतील. बसण्याचे मिळणार नाहीत."

"मग औषधं पुष्कळ दिली जातील," वैद्य म्हणाले. "पण ती द्यायला दुसरा कुणी शोधा. मला ते जमायचं नाही. हा माझा शेवटचा मंगळवार समजा."

भिवा सुतार पाण्याचा तांब्या घेऊन येत होता, तो दारातच थांबला. पुन्हा तेच बोलावणे, पुन्हा तोच अनोळखी चेहरा, पुन्हा पहिल्यापासून सांगणे, हे साऱ्यांना कळून चुकले. शिष्याला क्षणभर सुटल्यासारखे वाटले आणि लगेच त्याची लाजही वाटली.

वैद्यांचे लक्ष मात्र आता व्यापाऱ्याकडे नव्हते. आजींनी तळहातावर ठेवलेली सुपारी ते न्याहाळत होते.

"ठकूआजी, आज अशी जाड खांडं का पाडलीत?"

"अडकित्ता बोथट झालाय मेला."

वैद्यांनी अडकित्ता घेऊन स्वतः एक सुपारी कातरली. पातळ, साफ काप पडले. मग त्यांनी आजींकडे पाहिले. आजींनी नजर चुकवली आणि पदर तोंडाशी नेला.

"तोंड उघडा बघू."

"काही नाही हो. तुम्ही पण ना!"

"उघडा."

खालची दाढ पार किडली होती, हिरडी सुजून तिच्यात पू झाला होता. वैद्यांनी हलक्या आवाजात आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि सगळी हकिगत बाहेर आली. अकरा दिवस आजींच्या पोटात धड घास गेला नव्हता. त्या आपली भाकरी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना देत आणि उपास आहे म्हणून सांगत. हातात अडकित्ता दाबण्याइतकी ताकद उरली नव्हती.

व्यापारी पुढे झाला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "अहो आजी, मग निरोप का नाही धाडलात? वैद्यबुवा तर फुकट आले असते!"

"एका दाढेसाठी वैद्याला कोण बोलावतं, बाबा?" आजी म्हणाल्या. "आणि सांगितलं की माणसं म्हणतात, झालं, म्हातारीचं सुरू झालं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

त्या दिवशी बटवा उघडला. गुरूंच्या देखरेखीखाली शिष्याने हिरडीला बधिर करणारा लेप लावला, दाढ काढली, जखम धुतली. संध्याकाळी आजींनी वाटीभर मऊ पेज प्यायली आणि आणखी मागितली. पेजेची रिकामी वाटी पाहून त्या उमद्या तरुणाला जो आनंद झाला, तो त्याला तीनशे औषधे पाठ झाली तेव्हाही झाला नव्हता.

व्यापारी तोवर घरी गेला नव्हता. तो वैद्यांच्या शेजारी ओसरीवर येऊन बसला.

"आज आला नसतात तर?"

"आणखी दोन आठवड्यांनी तुम्ही घाईनं निरोप धाडला असता, की ठकूआजी उठत नाहीत. कुणीतरी धावत आलं असतं, आपले पैसे घेऊन गेलं असतं, आणि लोक म्हणाले असते, म्हातारी माणसं, ती जायचीच."

मग शिष्याने विचारले, "पण गुरुजी, आजारपणाचे पैसे घेतले असतेत तर काय बिघडलं असतं? कष्ट तर त्यातच जास्त."

वैद्य म्हणाले, "बाळा, मी काही संत नाही. माणूस आजारी पडला की मला पैसे मिळणार असतील, तर माझ्या मनाचा एक कोपरा त्याच्या आजाराची वाट पाहू लागेल. मला माझ्या मनाचीच भीती वाटते. शेटजी, पाटाचं पाणी आपण उतार देऊ तिकडे जातं. तुमचा पैसाही वैद्याला तसाच उतार देतो. बोलावण्याचा दिलात तर तो बोलावण्याची वाट पाहतो, पुड्यांचा दिलात तर पुड्या बांधतो. त्यात वैद्य वाईट असतो असं नाही. तुम्ही मला येऊन बसण्याचा दिलात, म्हणून मी येऊन बसलो. आणि नेहमी येणारालाच कालच्यापेक्षा आज काय निराळं आहे ते दिसतं. न सांगणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखायची दुसरी युक्ती मला तरी सापडलेली नाही."

"मंगळवार चालू ठेवा, वैद्यबुवा," व्यापारी म्हणाला. "मी बोललो ते विसरा."

"तुम्ही पैसे देणारे. तुमच्याकडून ते ऐकायचं होतं," वैद्य हसून म्हणाले. शिष्याने न सांगता दुसऱ्या दिवसासाठी लेपाची तयारी करून ठेवली.

व्यापारी दिवेलागणीनंतर घरी पोचला. एरवी तो थेट पेढीवर जाई. त्या दिवशी तो घराच्या मागच्या खोलीत गेला. तिथे त्याची ऐंशी वर्षांची आई राहत असे. तिला काही कमी नव्हते. वेळेवर जेवण होते, सेवेला बाई होती, आणि काही लागले तर सांगायचे, असे तिला सांगून ठेवलेले होते.

तो तिच्या शेजारी बसला. तशी ती दचकून उठू लागली. "काय रे, काय झालं? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही, आई," तो म्हणाला, आणि बसून राहिला.