कोठडीतला देव

भानाई जोगीण वर्षानुवर्षं देव शोधत हिंडत होती. मठ झाले, दर्गे झाले, चर्चही झालं. जिवाची तगमग काही थांबेना. एकदा सुभेदार रंगरावांनी तिला दरबारात उभं केलं.

"सगळ्यांच्या दारात जातेस ना? मग खरा देव दाखव, नाहीतर अंधारकोठडीत टाकतो!"

भानाईनं विचारलं, "सरकार, त्या कोठडीत देव आहे का?"

'नाही' म्हणावं, तर शेजारी बसलेले शास्त्री आणि काझी दोघंही खवळले असते. रंगराव चाचरले, "आहेच की!"

"तुमच्याच कोठडीतला देव तुम्हाला दिसला नाही, सरकार, तर मी दाखवून दिसेल का?"

दरबार हसला. रंगरावांना तिला सोडावं लागलं.

भानाई मात्र वेशीबाहेर तशीच अस्वस्थ चालत राहिली. ते उत्तर सरकारला पुरलं होतं, तिला नव्हतं.