एका नजरेत घेतलेलं घर

एक होता कासार. राजाची गोष्ट काल झाली, आज कासाराची. राजाला काय, घर आयतंच मिळतं, त्याला कसला पस्तावा होणार? शके, पांघरूण एकटीच ओढू नकोस, भावालाही दे. हं, ऐका.

या कासाराचं नाव लिंबाजी. त्याची बायको राही. आणि त्यांची चार वर्षांची लेक, गोजी. लिंबाजी गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायचा. त्याला एका गोष्टीचा फार गर्व होता, बरं का. बाईचा हात एकदा नुसता पाहिला की तो माप सांगायचा. दुसऱ्यांदा बघायचा नाही. आणि माप कधी चुकायचं नाही, हे मात्र खरं.

पण त्यांना स्वतःचं घर नव्हतं. आज याच्या पडवीत, उद्या त्याच्या ओसरीवर. अशी सात बिऱ्हाडं झाली. भिंतीला खुंटी ठोकायची तर विचारा. तुळस लावायची तर विचारा. मग राहीला पुन्हा दिवस गेले. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे बाळंतपण तरी माझ्या घरात होऊ द्या. मला दुसरं काही नको." एवढंच मागितलं हो तिनं. लुगडं नाही, दागिना नाही.

मग लिंबाजीनं गावाबाहेरचं एक घर हेरलं. एक म्हातारा तेली ते सोडून लेकीकडे राहायला चालला होता. लिंबाजीनं तिघांना विचारलं. थोरली बहीण ठकूआक्का, साडू गणोबा आणि म्हातारे केरूमामा. तिघांनी जाऊन घर बघितलं. तिघंही म्हणाली, "उत्तम आहे. डोळे झाकून घे." हे नीट लक्षात ठेवा. तिघंही उत्तम म्हणाली.

मग लिंबाजी गेला. तेली बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, "कासारदादा, घाई नको. सकाळी एकदा या, भर दुपारी एकदा या. विहिरीपर्यंत चालून बघा. आणि घरच्या बाईला आणा." लिंबाजी हसला. म्हणाला, "आजोबा, मी कासार आहे. एका नजरेत माप घेतो." दारातून आत एकदा डोकावला आणि सौदा पक्का करून आला.

आता मला सांगा, घर म्हणजे काय मनगट आहे? आणि त्या घरात दिवसभर राबणार कोण? राही. पाणी भरणार कोण? राही. तिला नेलं का दाखवायला? नाही. मला अशा माणसांचा इतका राग येतो ना. तुम्ही मोठे झालात आणि घर घेतलंत, तर आधी विहिरीपासून दारापर्यंत चालून बघा. रिकाम्या हातानं नव्हे, भरली घागर डोक्यावर घेऊन. मग काय ते ठरवा.

तर घर घेतलं. वास्तुशांत झाली. भटजींनी वास्तूची इवलीशी मूर्ती कोपऱ्यात पुरली आणि बजावलं, "आता घरात जपून बोला. पाहुण्याचं बोलणं वाऱ्यावर जातं. पण मालक जे बोलतो, त्याला वास्तू तथास्तु म्हणते." लिंबाजीनं मान डोलवली. त्याचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे होतं.

पंगत बसली. ठकूआक्कानं चार पुरणपोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर तूप. हात धुतले, आणि म्हणाली काय, तर, "घर बरंय रे लिंबा. पण खिडकी फारच लहान. मला तर बघताक्षणीच वाटलं होतं." ऐकलंत? बघताक्षणी वाटलं होतं म्हणे. मग तेव्हा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस? आता घर घेऊन झालं, आता सांगून काय उपयोग? पण अशी माणसं असतात. आधी विचारलं की गोड बोलतात, आणि नंतर जेवून उठताना खोड काढतात.

आक्का गेली. मग लिंबाजी खिडकीसमोर बसला. बघतोय, बघतोय. खिडकी खरंच जरा लहान होती. तो म्हणाला, "लहानच आहे. अंधारच आहे घरात." तर कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "तथास्तु." लिंबाजीला वाटलं पाल चुकचुकली. सकाळी उठून बघतात तर खिडकी मुठीएवढी झालेली. चूल पेटवली तरी धूर बाहेर जाईना. राही खोकत खोकत भाकरी भाजू लागली.

आठ दिवसांनी गणोबा आला. तोही जेवला. ढेकर देऊन म्हणाला, "साडूभाऊ, दार ठेंगणं आहे हो. मी असतो तर घेतलं नसतं." हाच तो डोळे झाकून घे म्हणणारा. तो गेल्यावर लिंबाजी दारासमोर बसला. म्हणाला, "दार ठेंगणंच आहे. फसलो मी." कोपऱ्यातून आवाज आला, "तथास्तु." आणि दार खाली आलं ते पार गुडघ्याएवढं झालं. मग काय, आत जायचं तर रांगत जायचं. गोजीला मजा वाटली, पण राहीला सातवा महिना लागला होता. पोटातलं बाळ सांभाळत ती दोन्ही हात टेकून घरात शिरायची. आणि हा बाजूला उभा राहून उसासे टाकायचा.

मग आले केरूमामा. त्यांनी काय काढलं असेल? हं, बरोबर, विहीर. "विहीर जरा लांबच पडते तुम्हाला," असं म्हणून गेले. विहीर होती चाळीस पावलांवर. लिंबाजी म्हणाला, "लांबच आहे. कुठे नेऊन घर बांधलंय." लगेच आवाज आला, "तथास्तु." या वेळी राहीनं तो स्पष्ट ऐकला. ती धावत बाहेर गेली. विहीर जागेवर नव्हती. समोरच्या टेकडीच्या पलीकडे जाऊन बसली होती.

आता टेकडी चढायची, उतरायची, घागर भरायची, पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. रोज तीन खेपा. गोजी बिचारी तांब्या घेऊन मागून यायची. आणि लिंबाजी? तो कुणी भेटलं की थांबवून घराची रडकथा सांगायचा. लोकांच्या बायकांसमोर याची जीभ किती गोड. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचा नाही, वाढली म्हणायचा. वाईट शब्द म्हणून तोंडातून काढायचा नाही. आणि स्वतःच्या घरात आला की सगळं अभद्र बोलून मोकळा. सांगा, याला काय म्हणावं? काही म्हणू नका, मी म्हणते. मूर्ख म्हणावं.

राही शहाणी होती. तिच्या सगळं ध्यानात आलं. ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "आमची खिडकी केवढी मोठी. दार कसं ऐसपैस. विहीर तर अंगणातच." आणि कान देऊन बसली. मग हळूच आवाज आला, "बाई, खोट्याला मी तथास्तु म्हणत नाही." म्हणजे नुसतं छान छान म्हणूनही भागणार नव्हतं. राही उठली, आणि घागर घेऊन टेकडीकडे गेली.

एक दिवस भर दुपारी ती दुसरी खेप घेऊन आली. उन्हानं चेहरा लालबुंद. घागर उतरवली, रांगत आत आली, तर हा गुडघ्यात मान घालून बसलेला. म्हणाला, "राही, घेतलं तेच चुकलं. हे घर नसतं तर बरं झालं असतं."

तर घर हललं, बरं का. खरोखर हललं. आढं करकरलं. छपरावरची कौलं एकेक करून वर उचलली जाऊ लागली आणि फटींतून आभाळ दिसायला लागलं. कोपऱ्यातून आवाज आला, आणि या वेळी तो बारीक नव्हता. वास्तू म्हणाली, "नावं ठेवलीस, मी ऐकली, कारण त्यात थोडं खरं होतं. पण आता मला जायला सांगतोयस. घर दोघांचं आहे. ती हो म्हणू दे, मी या क्षणी निघाले. इथे उरेल ती उघडी जमीन."

लिंबाजी घाबरून राहीकडे बघायला लागला. आणि राही काय म्हणाली? खोटं कशाला सांगू, 'हो, जा' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पाय सुजलेले, डोळे धुरानं चुरचुरणारे, कंबर मोडून आलेली. जाऊ दे एकदाचं, असं कुणालाही वाटलं असतं. कौलं वर तरंगत थांबली.

मग राहीनं कपाळाचा घाम पुसला. म्हणाली, "मी नाही म्हणते."

आणि मग ती नवऱ्याकडे वळली. सात बिऱ्हाडं मुकाट्यानं केलेली बाई, पण त्या दिवशी बोलली. "गोजी झाली तेव्हा आपण कुठे होतो, आठवतं का? पाटलांच्या गोठ्याशेजारी. त्यांच्याकडे पाहुणे आले होते. पाटलीणबाई म्हणाल्या, आवाज करू नकोस गं. मी तोंडात पदर कोंबून लेकीला जन्म दिला. ओरडायलासुद्धा मला माझी जागा नव्हती. आणि तुम्ही म्हणता, घर नसतं तर बरं?"

लिंबाजीची मान खाली गेली. तिनं सोडलं नाही. छान केलं, मीही सोडलं नसतं. ती म्हणाली, "एका नजरेत माप घेतलंत, चुकलात. माणूस चुकतो. पण बाईचा हात जाड निघाला, बांगडी अडली, तर तुम्ही काय करता? तिच्या हाताला नावं ठेवता का? तो हात आपल्या हातात घेता, पाणी लावता, दाबून दाबून मऊ करता, तिच्याशी चार शब्द बोलता, आणि मग बांगडी चढते. परक्या बाईच्या मनगटाला तासभर देता. माझ्या घराच्या भिंतीला एकदा तरी हात लावलात का?"

नव्हता लावला. एकदाही नव्हता. नुसता समोर बसून बघत होता.

मग लिंबाजी उठला. राहीनं आणलेलं पाणी ओंजळीत घेतलं, मुठीएवढ्या खिडकीच्या कडेला लावलं, आणि बांगड्या भरताना हात दाबतात तसा तळव्यानं भिंतीला दाबत बसला. दुपार टळली. संध्याकाळी भिंत मऊ लागायला लागली. खिडकी एक बोट उघडली. एकच बोट, जास्त नाही. तो म्हणाला, "एक बोट उघडली." हे तर खरंच होतं. कोपऱ्यातून आवाज आला, "तथास्तु." वर तरंगणारी कौलं एकेक करून खाली बसली.

मग रोज तो फेरीवरून आला की भिंतीशी बसायचा. एक बोट, दोन बोटं, वीत. मग चौकटीला लागला. मग एक दिवस घागर उचलून स्वतःच टेकडीवर गेला, आणि तेव्हा त्याला कळलं की ती भरली घागर मानेला कशी लागते. आल्यावर म्हणाला, "वाट अवघड आहे. पण उद्या मीच जाणार." तथास्तु. तो गेलाच, रोज गेला, आणि विहीर दर दिवशी थोडी थोडी अलीकडे सरकली. चाळीस पावलांवर येऊन मात्र थांबली. पहिल्यापासून तिथेच होती ना ती. अंगणात नाही आली, बरं का. आणि दारही थोडं ठेंगणंच राहिलं. लिंबाजीचं कपाळ आठवड्यातून एकदा तरी आपटायचं. पण तो कपाळ चोळायचा आणि आत जायचा.

नववा महिना भरला. एक दिवस सकाळी राहीला कळा सुरू झाल्या. लिंबाजीनं सुईणीला आणलं. ठकूआक्काही आली. आक्कानं उंबरा ओलांडला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तोंड उघडलं, "घर बरंय, पण छपराला..." राही आतून म्हणाली, "आक्का, आधी पाणी तापवा." आक्का गुपचूप चुलीपाशी गेली. बरी जिरली.

मग मोठी कळ आली. सवयीनं राहीचा हात पदराकडे गेला. पदराचा बोळा करून ती तोंडाशी नेणार, तेवढ्यात कोपऱ्यातून वास्तू पहिल्यांदाच कुणी काही न बोलता आपणहून बोलली. म्हणाली, "ओरड गं. घर तुझं आहे."

आणि राही ओरडली. अशी ओरडली की गावातल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. कुणी तिला गप म्हणालं नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिला मुलगा झाला, तोही आईसारखाच खणखणीत रडला. लिंबाजी दाराबाहेर उभा राहून हसतही होता आणि रडतही होता.

मग ती चौघं त्या घरात सुखानं राहिली. आणि बाळांनो, आपलं हे घरही तुमचंच आहे, इथे हवं तेवढं हसा, हवं तेवढं ओरडा. पण आत्ता नाही. आत्ता डोळे मिटा, कुशीवर वळा आणि झोपा.